जे काळे पडले ती चरबीच, असे नाही

एमआरआयविषयी एक समजूत सर्रास पुढे पाठवली जाते: फॅट सप्रेशन (चरबीचा सिग्नल दाबण्याचे तंत्र) लावल्यावर जे काळे पडते ती चरबी आणि जे उजळ उरते ते पाणी, मग पद्धत कोणतीही असो, शिवाय पाणी आणि चरबी वेगवेगळ्या प्रतिमांत दाखवणाऱ्या डिक्सन पद्धतीत चुकीला वावच नाही. यातल्या प्रत्येक विधानात तथ्याचा अंश असल्यामुळेच ते सहज पटते आणि निदानाची दिशा चुकवू शकते.

‘काळे म्हणजे चरबी’ हे स्टिर या फॅट सप्रेशनच्या पद्धतीला मुळीच लागू नाही. स्टिर चरबी ओळखत नाही, ती केवळ टी-1 काळ, म्हणजे ऊतीचा सिग्नल पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, ओळखते. आधी सगळा सिग्नल उलटा केला जातो आणि चरबीचा सिग्नल शून्यावर येईल त्या क्षणी, म्हणजे 1.5 टेस्लावर (टेस्ला हे चुंबकक्षेत्राच्या ताकदीचे एकक) साधारण 160 मिलिसेकंदांनी, मोजणी सुरू होते. त्याच क्षणी शून्यावर येणारे दुसरे काहीही तितकेच काळे दिसते. गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट द्रव्यामुळे टी-1 कमी होतो, त्यामुळे ते शोषून घेणारी गाठच स्टिरमध्ये दिसेनाशी होऊ शकते. कॉन्ट्रास्ट दिल्यावर स्टिर टाळतात ते याचसाठी.

पद्धतीने फरक पडत नाही, हेही खरे नाही. फॅट सॅट या दुसऱ्या पद्धतीचा आधार कंपनसंख्येतला फरक हा आहे: चरबीतील प्रोटॉन पाण्यातील प्रोटॉनपेक्षा दशलक्षात सुमारे 3.5 भाग हळू फिरतात, म्हणजे 1.5 टेस्लावर जेमतेम 220 हर्ट्झ. धातूच्या रोपणाजवळ चुंबकक्षेत्र याहून कितीतरी अधिक विस्कटते. तिथे चरबी उजळ राहून सूज असल्याचा भास होतो, तर कधी पाण्याचाच सिग्नल दाबला जातो. अशा जागी स्टिरच अधिक भरवशाची.

डिक्सनविषयीचा दावा मात्र सविस्तर तपासायला हवा. डिक्सन यांनी 1984 मध्ये मांडलेली मूळ कल्पना सुंदर आहे: पाणी आणि चरबी यांचे सिग्नल एकदा एका दिशेला (इन-फेज) आणि एकदा विरुद्ध दिशेला (अपोज्ड-फेज) असताना मोजायचे. एका व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे प्रतिमेच्या एका सूक्ष्म घन घटकात, 80 भाग पाणी आणि 20 भाग चरबी असेल, तर इन-फेजमध्ये 100 आणि अपोज्ड-फेजमध्ये 60 मिळतात. आता प्रमाण उलटे करा. उत्तर तेच, 100 आणि 60. निव्वळ चरबीच्या गाठीत तर दोन्हीकडे 100 येतात, म्हणून ‘सिग्नल घटला नाही, म्हणजे चरबी नाही’ हा निष्कर्षही टिकत नाही. यकृतात लोह साठले असेल, तर नंतर मोजलेल्या प्रतिध्वनीत (दोनपैकी उशिराच्या मोजणीत) सिग्नल आपोआप पडतो आणि ही तुलनाच बिघडते.

आधुनिक डिक्सनमध्ये फेजची, म्हणजे सिग्नलच्या दिशेची, माहिती वापरून ही संदिग्धता सोडवली जाते. पण चुंबकक्षेत्राचा अंदाज चुकला, की एखाद्या भागात पाणी आणि चरबी यांची सरळ अदलाबदल होते. यकृताच्या वरच्या टोकाशी असा डाग दिसला, तर पाण्याची आणि चरबीची प्रतिमा शेजारी ठेवून पाहावी: एकीत काळा पडलेला तुकडा दुसरीत त्याच आकाराचा, त्याच कडांसह उजळ दिसतो आणि इन-फेज प्रतिमेत त्या जागी काहीच वेगळे नसते.