कपाटातलं मातीचं कार्ड

बेळगावजवळच्या आमच्या येळ्ळूरला फोन लावला की बोलणं दोन गोष्टींवर येतं : २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला सीमाप्रश्नाचा दावा आणि शेतांतून जाणारा हलगा-मच्छे बायपास रस्ता. पिकती जमीन रस्त्यात जाऊ नये म्हणून शेतकरी भांडले, त्यांचं बरोबरच आहे. पण परवा काका बोलता बोलता म्हणाले, "मातीचं कार्ड आलंय रे, कपाटात ठेवलंय. कन्नडात आहे. मला न् तुझ्या काकूला काय कळतंय?" ते मला फार लागलं. हे कार्ड म्हणजे शेतातली माती तपासून सरकार देतं ती मृदा आरोग्य पत्रिका.

मी जर्मनीत हिल्डेसहाइमजवळ राहतो. इथं एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या शेतातलं स्फुरद (फॉस्फरस) सहा वर्षांतून एकदा तरी तपासावंच लागतं, कायदाच आहे. १९३४ पासून शेतजमिनीला कसानुसार शंभरपैकी गुण देतात आणि जमिनीचा कर अजून त्यावरून ठरतो. तरीही भूजलात नायट्रेट उतरलं, आणि २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयानं जर्मनीला दोषी धरलं. खतं इथंही अतीच झाली. पण विहिरींचं पाणी मोजत होते म्हणून तर ते कोर्टापर्यंत गेलं.

आपल्याकडे २०१५ मध्ये कार्डाची योजना आली तेव्हा बागायतीत अडीच हेक्टरांतून एकच नमुना घ्यायचं ठरलं होतं. म्हणजे सहा एकर. आमच्या शिवारात तेवढ्यात भावकीचे चार-पाच वाटे बसतात. एकानं बासमतीला शेणखत घातलेलं, शेजारच्यानं नुसता युरिया. मग त्या कार्डावरची माती नक्की कुणाची? तिकडे अथणी, रायबागच्या कृष्णाकाठी उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या. क्षारांचा आकडा कार्डावर असतो. वेळेत वाचला तर पाणी आवरता येतं, चर काढता येतात.

म्हणून मला वाटतं, मराठी कागदपत्रांसाठी आपण इतकी वर्षं झगडतोय, त्या मागणीत हे कार्डही असावं, अगदी वरच्या ओळीत.

यंदा मसूर निघाली की नमुना स्वतः घ्यायला काकांना सांगितलंय. बांधाजवळचा, झाडाखालचा किंवा शेणाच्या ढिगाजवळचा नको. शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून एकत्र करायची, चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. शाळेतलं कन्नड मला अजून वाचता येतं. कार्डाचा फोटो आला की फोनवर एकेक रकाना त्यांना वाचून दाखवणार आहे.