हार्डवेअर ट्रिगर लावला म्हणून डिले शून्य होत नाही

मशीन व्हिजनचं, म्हणजे कारखान्यात कॅमेऱ्याने माल तपासण्याचं, काम करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय: "हार्डवेअर ट्रिगर लावा, डिले शून्य होतो. तरी फोटो हलला तर जास्त एफपीएसचा ग्लोबल शटर कॅमेरा घ्या. माल फ्रेममध्ये पुढेमागे दिसला तर ट्रिगर डिलेचा आकडा बदला, झालं काम." हार्डवेअर ट्रिगर म्हणजे 'फोटो काढ' हा इशारा कॅमेऱ्याला वायरीने देणं. या सल्ल्यापायी लहान कारखानदारांचे पैसे नाहक जाताना मी बघतो, म्हणून हे लिहितोय.

"डिले शून्य होतो." नाही होत. माल समोर आल्यावर फोटोसेन्सरला प्रतिसाद द्यायलाच अर्धा-एक मिलिसेकंद लागू शकतो. पुढे कॅमेऱ्याच्या इनपुटचा ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून पुढे देणारा भाग) काही मायक्रोसेकंद खातो. डिबाउन्स (क्षणिक खोटे सिग्नल गाळणारी सेटिंग) लावला असेल तर तो वेळ वेगळा. पण हा उशीर दर वेळी तेवढाच असेल तर काहीही बिघडत नाही. माल थोडा सरकलेला दिसेल, पण रोज त्याच जागी. छळतो तो बदलता उशीर, जिटर.

चाकणच्या एका लाइनवर याच्यापायी माझ्या दोन रात्री गेल्या. डब्यांवरचा बॅच नंबर वाचायचा होता. पट्ट्याचा वेग सेकंदाला 1 मीटर, म्हणजे मिलिसेकंदाला 1 मिलिमीटर. डबा कधी फ्रेमच्या मधोमध, कधी सेंटिमीटरभर पुढे. सगळे कॅमेऱ्याला बोल लावत होते. शेवटी वायर हातात धरून मागे मागे गेलो, तर ती सेन्सरकडून आधी पीएलसीत (लाइन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) आणि तिथून कॅमेऱ्यात जात होती. कागदावर तोही हार्डवेअर ट्रिगरच! पीएलसीचा स्कॅन, म्हणजे इनपुट तपासायची एक फेरी, 10 मिलिसेकंदांचा. डबा स्कॅनच्या सुरुवातीला आला की शेवटाला, यावर 10 मिलिमीटरचा फरक पडत होता. सेन्सर थेट कॅमेऱ्याच्या ट्रिगर इनपुटला जोडला आणि डबा जागेवर आला. नवीन काहीच विकत घ्यावं लागलं नाही.

"जास्त एफपीएसचा ग्लोबल शटर घ्या." एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फोटो. फोटो हलतो तो एक्सपोजरमुळे, म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड घेतो त्यामुळे, आणि 30 एफपीएसचा कॅमेराही 50 मायक्रोसेकंदांचं एक्सपोजर देतो. हिशोब करून बघा. 200 मिलिमीटर रुंदीवर 2000 पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल 0.1 मिलिमीटरचा. वर सांगितलेल्या वेगाला 1 मिलिसेकंद एक्सपोजर ठेवलं तर अक्षर 10 पिक्सेल पसरतं. एका पिक्सेलात बसवायचं तर 100 मायक्रोसेकंद हवेत, म्हणजे उजेड दहापट. पैसे घालायचेच तर एलईडी स्ट्रोबमध्ये (फोटोच्या क्षणीच लखलखणाऱ्या दिव्यात) घाला. ग्लोबल शटर सगळे पिक्सेल एकाच वेळी टिपतो, त्यामुळे धावती वस्तू तिरकी दिसत नाही, हे खरं आणि कामाचं आहे. पण एक्सपोजर लांबलं तर त्यातही फोटो पसरणारच. एफपीएस कमी पडतो तो आधीचा फोटो वाचून होण्याआत पुढचा ट्रिगर आला तर.

"ट्रिगर डिलेचा आकडा बदला." म्हणजे इशारा मिळाल्यावर कॅमेऱ्याने मुद्दाम किती थांबायचं तो वेळ. हे चालतं ते पट्ट्याचा वेग कायम असेल तरच. सेन्सर कॅमेऱ्याच्या 200 मिलिमीटर आधी असेल तर 1 मीटर वेगाला 200 मिलिसेकंद बरोबर. तोच पट्टा 0.8 मीटरवर आला की माल 160 मिलिमीटरच पोहोचतो, 40 मिलिमीटर मागे. वेग बदलणाऱ्या लाइनवर एन्कोडर (पट्टा किती सरकला ते सांगणारं उपकरण) बसवा आणि वेळेऐवजी अंतर मोजा.

कॅमेरा बदलण्याआधी सेन्सरचा सिग्नल आणि कॅमेऱ्याचं एक्सपोजर ॲक्टिव्ह आउटपुट (एक्सपोजर चालू असताना मिळणारा सिग्नल) एकाच ऑसिलोस्कोपवर (सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) लावा. शंभर डबे जाऊ द्या. दोन्ही सिग्नलच्या कडांमधलं वेळेचं अंतर हलत नसेल तर कॅमेऱ्याला हात लावू नका.