हौद म्हणजे कूलरची टाकी नव्हे

संक्रांत झाली की बागकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो आणि नागपुरात तो भक्तिभावाने पुढे ढकलला जातो. मजकूर साधारण असा: 'थंडी गेली. माशांच्या हौदातलं सगळं पाणी उपसा, भिंती ब्रशने घासा, आतून चुना फिरवा. ताजं पाणी भरून तुरटी फिरवा. मासे हिवाळाभर उपाशी असतात, त्यांना पोटभर खाऊ द्या. अंगावर पांढरे ठिपके दिसले तर मीठ टाका.' पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण यातली जवळपास प्रत्येक सूचना माशांच्या जिवावर येते.

'थंडी गेली' इथपासूनच घोळ आहे. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होतो खरा, पण नागपुरात फेब्रुवारीतही पहाटे गारठा असतो. मध्येच अवकाळी पाऊस आणि गारा येतात, एका रात्रीत पाणी पुन्हा थंड होतं. म्हणून कॅलेंडर बाजूला ठेवा आणि थर्मामीटर वापरा. सकाळी सातला, पृष्ठभागाच्या फूटभर खाली पाणी मोजा. ओळीने सात दिवस १८ अंशांच्या वर मिळालं की मोठ्या कामाला हात घाला. दुसरं कारण पानगळीचं. आपल्याकडे कडुलिंब, पिंपळ, साग यांची पानं थंडीच्या शेवटी, फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात. जानेवारीत लख्ख केलेल्या हौदाचा तळ होळीपर्यंत पुन्हा पाचोळ्याने भरतो. त्यामुळे आधी हौदावर जाळी ताणा, साफसफाई नंतर.

'सगळं पाणी उपसा, भिंती घासा' ही यातली सर्वांत घातक सूचना. फेब्रुवारीच्या अखेरीस घरोघरी कूलर बाहेर निघतात, त्यांच्या टाक्या घासल्या जातात आणि त्याच हाताने, त्याच ब्रशने हौदही घासला जातो. कूलरच्या टाकीत काही जगत नाही, हौदात जगतं. भिंतीवर बोट फिरवलं की जो बुळबुळीत थर लागतो, त्यात आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये उपयोगी जिवाणू असतात. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही माशांना विषारी, तिसरं बरंच सौम्य. थर घासून काढला की ही साखळी तुटते. ती पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात, गार पाण्यात त्याहून जास्त. म्हणूनच 'इतका स्वच्छ केला, तरी आठ दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले' हे दरवर्षी ऐकू येतं. स्वच्छ केला, म्हणूनच तसं झालं.

करायचं ते थोडं थोडं. १००० लिटरच्या हौदातून आठवड्याला २५० लिटर पाणी काढा आणि ते पाऊण इंची पाइपने तळातूनच ओढा. काळा गाळ एका वेळी तळाच्या एक तृतीयांश भागातलाच काढा. पूर्ण तळ ढवळला तर सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो आणि पाण्यातला ऑक्सिजन खर्ची पडतो. फिल्टरचे स्पंज नळाखाली धुऊ नका. हौदाचंच पाणी बादलीत घेऊन त्यात दोन-तीनदा पिळा. या आठवड्यात अर्धे, उरलेले पंधरा दिवसांनी. पंपाची चक्री मात्र निःशंकपणे घासा. तिच्यावर क्षार चढला असेल तर तासभर लिंबाच्या रसात ठेवून धुवा.

'ताजं पाणी भरा' म्हणजे कुठलं? नळाला येणारं पेंच-कन्हानचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं. क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं आणि जिवाणूही मारतं. २५० लिटरच्या ड्रमला २ ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, वजन करून घाला आणि एअर पंप लावून दिवसभर ठेवा. बोरच्या पाण्यात क्लोरीन नसतं, म्हणून लोक ते थेट सोडतात. पण जमिनीखालचं पाणी वर्षभर २६-२७ अंशांच्या आसपास असतं आणि फेब्रुवारीच्या पहाटे हौद असतो १७-१८ वर. शिवाय बोरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. ड्रममध्ये रात्रभर हवा द्या आणि दोन्हींतला फरक २ अंशांच्या आत आला की सावकाश सोडा.

चुन्याची सूचना मत्स्यशेतीतून आली आहे आणि तिथे ती बरोबर आहे. तिथे तळं कोरडं करतात, मासे नसताना तळाला चुना देतात आणि मग थांबून बीज सोडतात. भरल्या हौदात चुना म्हणजे सामू (pH, पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्याचं माप) एकदम वर. २५ अंशांच्या पाण्यात सामू ७ असताना एकूण अमोनियाचा एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो. सामू ९ झाला की एक तृतीयांशाहून जास्त असतो. अमोनिया तोच, विष कितीतरी पट. सिमेंटच्या नव्या हौदातून तर चुना आपोआपच सुटत असतो. तुरटीचं उलटं आहे. सामू स्थिर ठेवणारी क्षारता ती खाते आणि वरून हिरवं पाणी पुन्हा हिरवं होतंच, कारण ऊन आणि नायट्रेट जागेवरच असतात. त्यावर उपाय सावलीचा. कमळाच्या पानांनी निम्मा पृष्ठभाग झाका, किंवा मार्चपासून ५० टक्के सावलीची ग्रीन नेट बांधा.

'मासे हिवाळाभर उपाशी असतात' हे बर्फाच्या देशांतून आलेलं वाक्य आहे. तिथे पाणी १० अंशांखाली जातं आणि खाणं महिनोन्‌महिने बंद ठेवावं लागतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे पारा ३.५ अंशांवर गेला होता, पण ती हवा होती. खोल हौदाचं पाणी एका रात्रीत तिथवर उतरत नाही. आपले गोल्डफिश आणि कोई हिवाळ्यातही थोडं खातात. १५ ते १८ अंशांत दुपारी एकदाच द्या, तीन मिनिटांत संपेल एवढं. गार पाण्यात पचन मंद असतं आणि वाढीव खाद्याचा शेवटी अमोनियाच होतो.

राहिलं मीठ. १००० लिटरला १ ते ३ किलो खडे मीठ हे खरंच औषध आहे, पण रोग ओळखल्यावर. मीठ उडून जात नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी आटतं, आपण वरून भर घालतो, मीठ आतच राहतं. दरवेळी मूठ टाकत गेलात तर मे महिन्यापर्यंत कमळाची पानं कडेने करपतात. आणि ठिपके नीट बघा. मासा काचेच्या भांड्यात घेऊन बाजूने पाहा. ठिपके शेपटीवर, पोटावर, पाठीवर विखुरलेले असतील आणि मासा अंग घासत असेल तर तो व्हाइट स्पॉट नावाचा रोग. टाचणीच्या डोक्याएवढे कण फक्त कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काट्यावर ओळीने असतील तर तो रोग नाही. पाणी कोमट होऊ लागलं की विणीला आलेल्या गोल्डफिशच्या नरांवर ते येतात. अशा वेळी नर मादीच्या मागे लागून तिला ढुसण्या देताना दिसतील, त्यांना वेगळं करू नका. दुसऱ्या दिवशी जलकुंभीची मुळं उचलून पाहा. बाजरीच्या दाण्याएवढी पारदर्शक अंडी चिकटलेली दिसली तर ते झाड हौदाचंच पाणी भरलेल्या टबात हलवा, नाहीतर मोठे मासे ती खाऊन टाकतात. पिल्लं चार-पाच दिवसांत बाहेर येतात.