‘दिवा लागतोच की’, पण तो दिसतो कुणाला?

कॅमेऱ्याच्या स्मार्ट चष्म्यांबद्दलचा एक मेसेज गेल्या काही महिन्यांत माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : मोबाइल सगळ्यांच्याच हातात आहे, सीसीटीव्ही गल्लोगल्ली आहेत, मग चष्म्यातल्या कॅमेऱ्याचा एवढा बाऊ कशाला? शूटिंग सुरू झालं की दिवा लागतो. रस्त्यावर खासगीपणा नसतोच. कुणी गैरवापर केलाच तर कायदा आहे. आणि अंधांना तर हा चष्मा वरदान आहे.

माझं चष्म्याचं दुकान आहे. बावीस वर्षं लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवतोय, म्हणून याला उत्तर द्यावंसं वाटलं. सुरुवात दिव्यापासून करतो, कारण सगळा मेसेज त्या दिव्याच्या भरवशावर उभा आहे.

मध्यंतरी एक तरुण असा चष्मा घेऊन आला. त्याला त्यात नंबरच्या काचा बसवून हव्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर एक काकू फ्रेम निवडत होत्या. त्यांचा नंबर मायनस सहा. स्वतःचा चष्मा काढून काउंटरवर ठेवलेला आणि डोळ्यांवर रिकामी फ्रेम. मायनस सहाच्या डोळ्यांना चष्म्याशिवाय वीतभराच्या पलीकडचं सगळं धूसर दिसतं, त्यामुळे काकू नाक जवळजवळ आरशाला टेकवून स्वतःला न्याहाळत होत्या. मला दाखवायला म्हणून त्या तरुणानं काडीवरचं बटण दाबलं. फ्रेमच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा दिवा लागला आणि मान वळताच काकू शूटिंगमध्ये आल्या. त्यांना पत्ताच नव्हता. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मी म्हटल्याबरोबर त्यानं माझ्यासमोर ती क्लिप पुसली. पण ज्यांची नजर अधू आहे, ज्यांनी चष्मा काढून ठेवलाय, ज्यांची पाठ आहे, त्यांच्यासाठी तो दिवा असून नसल्यासारखाच.

नंतर त्याच्याच परवानगीनं आम्ही दुकानाच्या दारात, भर दुपारच्या उन्हात बघितलं. चार-पाच पावलांवरून मला तो दिवा कसाबसा दिसला, तोही कुठे बघायचं ते माहीत होतं म्हणून. ज्याला असा चष्मा असतो हेच माहीत नाही, त्याला दिवा दिसला तरी त्याचा अर्थ काय लागणार?

ही शंका माझ्या एकट्याची नाही. २०२१ मध्ये फेसबुक आणि रे-बॅनचा पहिला चष्मा आला, तेव्हाच आयर्लंड आणि इटलीच्या माहिती संरक्षण यंत्रणांनी विचारलं होतं, की एवढ्याशा दिव्यानं समोरच्याला खरंच सूचना मिळते हे कशावरून? पुढे फेसबुक कंपनीचं नाव मेटा झालं. २०२३ च्या ‘रे-बॅन मेटा’ या मॉडेलमध्ये दिवा झाकला तर शूटिंग सुरू होऊ नये अशी सोय आली. चांगलीच सोय. पण अमेरिकेतला एक कारागीर साठ डॉलर घेऊन तो दिवाच बंद करून देतो, हे तिथल्या ४०४ मीडिया या वृत्तस्थळानं २०२५ मध्ये समोर आणलं.

आता मोबाइलचं बघू. मोबाइलनं शूटिंग करायचं तर तो खिशातून काढावा लागतो, उगारावा लागतो. ते बघून आपण मान फिरवतो, पदर सावरतो, ‘ओ दादा, शूटिंग नका करू’ म्हणतो. जपान आणि दक्षिण कोरियात विकल्या जाणाऱ्या फोनांचा फोटो काढतानाचा आवाज बंद करता येत नाही, तोही समोरच्याला कळावं म्हणूनच. चष्म्यात हात वर जाणंच संपलं. २०१३ चा गुगल ग्लास विचित्र दिसायचा, लांबूनही ओळखू यायचा, आणि लोकांनी तो घालणाऱ्यांना हटकलंही. आताचे चष्मे नेहमीच्या जाड शेल फ्रेमसारखे दिसतात आणि त्यांचा खप त्यामुळेच आहे. रे-बॅनची मालक कंपनी एसिलॉरलक्झोटिका हिनं २०२५ च्या सुरुवातीला सांगितलं, की २०२३ च्या ऑक्टोबरपासून असे वीस लाख चष्मे विकले गेले. भारतात ते मे २०२५ मध्ये आले, तेव्हा किंमत २९,९०० रुपयांपासून होती. त्याआधीच, जानेवारी २०२५ मध्ये, अयोध्येच्या राम मंदिरात एक जण कॅमेऱ्याचा चष्मा घालून तपासणीच्या टप्प्यांतून आत गेला आणि फोटो काढताना पकडला गेला. तपासणं हेच ज्यांचं काम, त्यांच्याही नजरेतून तो आधी सुटला होता.

मोबाइल आणि चष्म्यातला आणखी एक फरक फक्त आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळतो. मोबाइल खिशात जातो. नंबरचा चष्मा जात नाही. दवाखाना, शाळा, कपडे बदलायची खोली अशा ठिकाणी चष्मा बंद ठेवा, असं खुद्द मेटा कंपनी सांगते. पण बंद ठेवलाय की चालू, हे समोरच्यानं कसं ओळखायचं? आणि ‘काढून ठेवा’ म्हणावं, तर मायनस पाचवाला माणूस आंधळ्यासारखा चाचपडत फिरणार का?

सीसीटीव्हीशी तुलना फार टिकत नाही. तो एका जागी असतो, उंचावर असतो, कुणाचा आहे ते विचारता येतं. चष्म्यातला कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर असतो आणि रे-बॅन मेटामध्ये त्याच्या जोडीला पाच मायक्रोफोन असतात.

‘रस्त्यावर खासगीपणा नसतोच’ हे तर सरळ चूक आहे. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. माणूस सार्वजनिक जागी आला एवढ्यानं तो हक्क गळून पडत नाही, तो जागेला नाही तर माणसाला चिकटलेला असतो, असंही त्या निकालात स्पष्ट आहे. हे नुसतं तत्त्व नाही. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी याच चष्म्याचं चित्रण चेहरा शोधणाऱ्या पिमआइज या संकेतस्थळाशी जोडलं आणि अनोळखी माणसांची नावं, काहींचे पत्ते, थोड्याच वेळात काढून दाखवले. धोका कळावा म्हणून त्यांनी हे केलं आणि आपला प्रोग्राम कुणाला दिला नाही. पण बसस्टॉपवर उभ्या असलेल्या मुलीच्या चेहऱ्यावरून तिच्या घरापर्यंत पोचता येतं, हे सिद्ध झालं.

कायदा आहे, पण तोकडा. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि आयटी कायद्याचं ६६-ई ही अगदी खासगी क्षणांच्या आणि अवयवांच्या चित्रणापुरती आहेत. २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा व्यक्तीनं स्वतःच्या, घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला लागूच होत नाही. काकूंच्या त्या क्लिपला यातलं कुठलं कलम लावणार?

अंधांचा मुद्दा मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. अंधांना व्हिडिओ कॉलवरून डोळस स्वयंसेवकांशी जोडून देणारी बी माय आइज ही सेवा या चष्म्यांत आली आहे. औषधाच्या पाकिटावरचं नाव, बसची पाटी कुणीतरी वाचून सांगतं, आणि दोन्ही हात मोकळे राहतात. ज्याला काठी धरायची आहे त्याला विचारा याचं मोल काय ते. हा उपयोग वाढलाच पाहिजे. पण पाकिटावरचं नाव वाचायला अनोळखी माणसांच्या क्लिपा साठवाव्या लागत नाहीत. आणि हेच अंध लोक जेव्हा दुसऱ्याच्या चष्म्यासमोर येतात, तेव्हा तो दिवा त्यांना कधीच दिसणार नसतो. त्यांचं नाव पुढे करून बाकीच्यांचे प्रश्न गप्प करू नयेत.

त्या तरुणाला मी काचा बसवून दिल्या. सोबत त्याची जुनी फ्रेम मागवून घेतली आणि तिच्यातही त्याच नंबरच्या काचा घातल्या. आता दुकानात शिरताना तो आपणहून चष्मा बदलतो.

काकू आठवड्यानं चष्मा न्यायला आल्या, तेव्हा त्या दिवशी काय झालं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी नवा चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “पण पुसलं ना हो त्यानं नक्की? सगळीकडून?” मी फक्त माझ्यासमोर काय झालं तेवढंच सांगू शकलो.