आफ्रिकेतल्या सोलर पंपाच्या त्या मेसेजबद्दल खुलासा

"आफ्रिकेतल्या गावात सोलर पंप बसवला, आता चोवीस तास फुकट पाणी, मेंटेनन्स शून्य" असा एक मेसेज फोटोसकट ग्रुपवर फिरतोय. फोटोत मुलं गोल चक्रावर बसून फिरतायत ना, तो सोलर पंप नाहीच. तो प्लेपंप, दक्षिण आफ्रिकेत निघालेला, मुलं चक्र फिरवतात तेव्हा पाणी वर चढतं. सोलर पॅनेलचा त्यात काही संबंध नाही.

खरं काम बघायचं तर पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनमधलं कलाले बघा. तिथे 2007 पासून महिला गटांच्या भाजीच्या मळ्यांना सोलर पंप बसले, एकेक मळा अर्ध्या हेक्टरचा. बॅटरी नाही, ऊन असेल तेवढाच वेळ पंप चालतो, पाणी सिमेंटच्या टाकीत साठतं आणि तिथून उतारानेच ठिबकच्या नळ्यांत जातं. म्हणजे चोवीस तास चालते ती टाकी, पंप नव्हे :) ठिबकच्या कामात आपल्या हैदराबादजवळची इक्रिसॅट ही शेती संशोधन संस्था पण होती. 2010 मध्ये यावर शोधनिबंध आला, त्यात त्या घरांचं भाजी खाणंही वाढलं आणि उत्पन्नही वाढलं असं दिसलं.

फुकट म्हणाल तर डिझेल लागत नाही एवढं खरं, पण पॅनेलवरची धूळ पुसावी लागते, फिल्टर धुवावे लागतात, आणि पॅनेल वीसपंचवीस वर्षं टिकलं तरी मोटर, कंट्रोलर त्याच्या कितीतरी आधी जातात, तो खर्च कुणीतरी बाजूला काढून ठेवावाच लागतो.

तर प्लीज तो फोटोवाला मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.