मॅकडोनाल्डांच्या कुळातले, की मॅकडोनाल्डांची कुळं?

सध्या एक मजकूर फिरतोय. महिन्याभरात तो मला तीनदा आला. तिसऱ्यांदा पाठवणारे गृहस्थ स्वतः मोडी वाचतात, म्हणून म्हटलं, आता लिहावंच. गोषवारा असा: आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या सरदार घराण्यांनी आपल्या वंशावळी अडीच हजार वर्षं अखंड जपल्या आहेत. तिथल्या कुठल्याही आडनावाचे सगळे लोक एकाच मूळपुरुषाचे वंशज असतात, आणि डीएनए तपासणीनेही ते सिद्ध झालंय. प्रत्येक आडनावाला स्वतःचं ढालचिन्ह आहे, स्वतःचा टार्टन, म्हणजे चौकड्यांचं लोकरी कापड, आहे. आपल्याकडे आलेले क्लाइव्ह आणि कर्झनसुद्धा आयरिश उमराव होते. आणि आपण? आपल्याला पणजोबांच्या वडिलांचं नाव सांगता येत नाही. शेवटी एक दुवा दिलाय: पैसे भरा, स्कॉटलंडात चौरस फूटभर जमीन घ्या आणि 'लॉर्ड' व्हा.

एकेक मुद्दा घेऊ.

"अडीच हजार वर्षं अखंड."

वंशावळी आहेत आणि ढिगाने आहेत, हे आधीच मान्य. आयर्लंडात वंशावळ सांभाळणं हा पिढीजात पेशा होता. मॅक फर्बिस या अशाच एका घराण्यातल्या डूअल्डने १६४९-५० च्या सुमारास, इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या फौजा देश जाळत असताना, गॉलवे शहरात बसून वंशावळींचा प्रचंड ग्रंथ उतरवून काढला. अभ्यासकांना तो आजही लागतो. दहाव्या-अकराव्या शतकापासून पुढची त्यातली नावं अनेकदा मठांतल्या सालवार नोंदींशी ताडून बघता येतात. पण त्याच्या मागे जावं तसतशी जमीन भुसभुशीत होत जाते, आणि शेवटी आपण स्पेनहून आलेल्या 'मील' नावाच्या वीराच्या मुलांपाशी पोचतो: एबर, एरेमोन, ईर. हा मील पुढे थेट बायबलातल्या नोहाला जोडलेला आहे. अकराव्या-बाराव्या शतकात आकाराला आलेल्या 'लेबर गबाला' या ग्रंथातली ही जोडणी. धर्माने ख्रिस्ती झालेल्या विद्वानांना आपले राजे बायबलच्या कालपटात बसवायचे होते, त्यांनी ते बसवले. एखादं घराणं बलवान झालं की त्याची फांदी जुन्या राजवंशाच्या खोडावर कलम व्हायची. अडीच हजार वर्षांचा आकडा येतो तो या कलमांतून.

वंशावळ लागायची कशाला, हे स्कॉटलंडात फार स्पष्ट दिसतं. १२४९ मध्ये स्कोन इथे तिसऱ्या अलेक्झांडरचा राज्याभिषेक झाला, तेव्हा एका गेलिक, म्हणजे तिथली जुनी भाषा बोलणाऱ्या, शाहिराने पुढे येऊन त्याच्यासमोर त्याची वंशावळ घडाघडा म्हटली. राज्याभिषेकाला वंशावळ लागते हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. पुढे दुसऱ्या चार्ल्सच्या काळात एडिंबराच्या होलीरूड राजवाड्यासाठी याकोब द वेट या डच चित्रकाराकडून स्कॉटलंडच्या शंभराहून जास्त राजांची चित्रं काढून घेतली. सुरुवात इसवी सनापूर्वी ३३० मधल्या फर्गस राजापासून! हा फर्गस कधी झालाच नाही, पण भिंतीवर त्याचा चेहरा आहे, आणि रांगेतल्या बऱ्याच राजांची नाकं एकमेकांसारखी आहेत.

आणि खुद्द स्टुअर्ट राजघराणं? ते 'बँको' नावाच्या स्कॉटिश सरदाराचं, असं १५२७ मध्ये हेक्टर बोईसच्या इतिहासात छापून आलं आणि नंतर शेक्सपिअरनेही ते उचललं. प्रत्यक्षात त्यांचे पूर्वज फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या डोल गावचे कारभारी. बाराव्या शतकात त्यांच्यातला वॉल्टर स्कॉटलंडात राजाचा 'स्टुअर्ड' झाला आणि हुद्द्याचं आडनाव झालं. आपल्याकडच्या फडणीस-चिटणिसांसारखंच. ब्रूस नॉर्मंडीतल्या ब्री गावचे. आयर्लंडातले फिट्झजेराल्ड, बटलर, बर्क हेही नॉर्मन स्वारीबरोबर आलेले. "प्राचीन केल्टिक रक्त" म्हणून मजकुरात दिलेली निम्मी नावं ही अशी.

"एक आडनाव, एक मूळपुरुष."

या भ्रमाला भाषाही मदत करते. गेलिकमध्ये 'क्लान' म्हणजे लेकरं, 'मॅक' म्हणजे मुलगा, 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज. (जाता जाता: मॅक म्हणजे स्कॉटिश आणि ओ म्हणजे आयरिश, हेही खोटं. मॅकार्थी, मॅग्वायर, मॅकमहोन हे पक्के आयरिश.) तेव्हा मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डची लेकरं, हिशोब संपला असं वाटतं.

पण मराठीत आपल्याकडे एक सोय आहे. 'कुळातला' म्हणजे वंशातला, आणि नुसतं 'कूळ' म्हणजे जमीन कसणारा. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात या दोन अर्थांची सरमिसळ झाली. सरदाराला लढायला माणसं हवी होती, माणसांना जमीन आणि आसरा हवा होता. ज्याची जमीन कसायची, ज्याच्या झेंड्याखाली लढायचं, त्याचं नाव लावलं जाई. फ्रेझर सरदाराने आपलं आडनाव घेणाऱ्याला बोलभर पीठ दिलं अशी जुनी गोष्ट आहे. 'बोल' हे धान्याचं तिथलं माप. अशांना लोक 'पिठाचे फ्रेझर' म्हणत. गोष्ट रंगवलेली असेल, पण अशी टर उडवायला गावात काहीतरी घडलेलं असावं लागतं.

उलटही झालं. १६०३ मध्ये सहाव्या जेम्सच्या सरकारने मॅकग्रेगर हे आडनावच बेकायदा ठरवलं. नाव लावाल तर देहदंड. बंदी मधे उठली, १६९३ मध्ये परत आली, आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये. या पावणेदोनशे वर्षांत मॅकग्रेगर कँपबेल झाले, ग्रँट झाले, ड्रमंड झाले, मरे झाले. प्रसिद्ध रॉब रॉय मॅकग्रेगर आईचं कँपबेल हे आडनाव लावून वावरत असे. म्हणजे आजचा एखादा कँपबेल हा कँपबेलांच्या हाडवैऱ्याचा वंशज असू शकतो.

हे सगळं रयतेचं झालं, सरदारांत तरी रक्त शुद्ध असेल, असं वाटत असेल तर तिथे इस्टेट आडवी येते. बक्ल्यूच्या जहागिरीची वारस ॲन स्कॉट ही मुलगी. १६६३ मध्ये तिचं लग्न दुसऱ्या चार्ल्सच्या अनौरस मुलाशी, मॉनमथच्या ड्यूकशी झालं आणि नवऱ्याने बायकोचं आडनाव घेतलं. त्यामुळे बक्ल्यूचे ड्यूक नावाने स्कॉट, पुरुषपरंपरेने स्टुअर्ट. स्काय बेटावरच्या मॅक्लाउड घराण्याची प्रमुख विसाव्या शतकात फ्लोरा ही बाई होती. तिच्यामागे गादीवर आलेला नातू जन्माने वोलरिज-गॉर्डन. त्याने आडनाव बदललं आणि तो मॅक्लाउड झाला.

एक उदाहरण तर आपल्या घरातलंच. मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये तीन खंडांत छापणारा, साताऱ्याला पोलिटिकल एजंट राहिलेला ग्रँट डफ. साताऱ्यात होता तेव्हा तो नुसता जेम्स ग्रँट, बॅन्फ गावचा. मायदेशी परतल्यावर आईकडची ईडनची इस्टेट त्याच्याकडे आली आणि तिच्याबरोबर 'डफ' हे नाव आलं. आडनाव पाहून त्याला डफांच्या पुरुषवंशात बसवणारा तिथेच चुकेल.

"डीएनएने सिद्ध झालंय."

मजकुरातला हा सगळ्यात वजनदार वाटणारा मुद्दा, कारण त्यात ट्रिनिटी कॉलेज, डब्लिन असं नाव आहे. २००६ चा तो अभ्यास खरा आहे. आयर्लंडच्या वायव्य भागात साधारण पाचातल्या एका पुरुषात वाय-गुणसूत्रावरची (हे गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जातं) एकच खूण सापडली. जगभरात असे तीसेक लाख पुरुष असावेत असा अंदाज बांधला गेला, आणि पाचव्या शतकाच्या आसपासचा 'नऊ ओलिसांचा नायल' हा दंतकथेतला राजा त्यांचा मूळपुरुष असेल, असं संशोधकांनी सुचवलं. सुचवलं. नायलचं हाड कोणाकडे नाही, जुळवणार कशाशी? पुढे जास्त बारकाईने मोजल्यावर ती खूण नायलच्याही आधीची असावी असं दिसू लागलं.

आणि ओनील हे आडनाव या नायलचं नव्हेच. ते ९१९ मध्ये डब्लिनजवळ नॉर्स (व्हायकिंग) फौजेशी लढताना पडलेल्या नायल ग्लूनडूव्ह या दुसऱ्याच राजाचं. मधे पाचेकशे वर्षं. कळस म्हणजे ओनील आडनावाच्या कितीतरी पुरुषांत ती 'नायलची' खूण सापडतच नाही.

ती का सापडत नसावी, याचं ठाम उत्तर देता येत नाही. पण ओनीलांच्या इतिहासातला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. १५४२ मध्ये कॉन ओनीलने आठव्या हेन्रीपुढे मान तुकवून टायरोनची अर्लकी घेतली आणि वारस म्हणून मॅथ्यूचं नाव दिलं. हा मॅथ्यू सोळाएक वर्षांचा होईपर्यंत डंडॉकमधल्या केली नावाच्या लोहाराचा मुलगा म्हणून वाढला होता. मग त्याच्या आईने सांगितलं की पोर कॉनचं आहे, आणि कॉनने मान्य केलं. गेलिक रिवाजात आईने नाव घेणं आणि बापाने हो म्हणणं एवढं पुरे. कॉनचा औरस मुलगा शेन याने मात्र मॅथ्यूला जन्मभर लोहाराचा पोरगा म्हटलं. मॅथ्यू १५५८ मध्ये शेनच्या माणसांकडून मारला गेला. भाऊबंदकी म्हणजे काय हे त्यांना आपण शिकवायला नको. या मॅथ्यूचा मुलगा ह्यू ओनील: इंग्लंडच्या एलिझाबेथला नऊ वर्षं झुंजवणारा, १६०७ मध्ये राथमलनहून जहाजात बसून देश सोडणारा, १६१६ मध्ये रोममध्ये मरणारा. आयर्लंडातला सगळ्यात थोर ओनील. त्याचा आजा कॉन की केली, हे तेव्हाही कोणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. तरी तो ओनील होताच. त्या समाजात 'ओनील' ही मिळवायची गादी होती. पणजोबा एक असलेल्या पुरुषांपैकी जो जोर करील तो ती घेई.

डीएनएने एक गोष्ट मात्र खरंच दाखवली, आणि ती मजकुराच्या उलट जाते. डोनाल्ड, डूगल, अलिस्टर या तिन्ही कुळांचा मूळपुरुष सॉमरलेड, ११६४ मध्ये मारला गेला. पारंपरिक वंशावळी त्याला आयरिश राजांना जोडतात. पण मॅकडोनाल्डांच्या प्रमुख घराण्यांतल्या पुरुषांचं गुणसूत्र तपासलं तेव्हा ते एकमेकांशी जुळलं आणि वळण नॉर्वेकडचं निघालं. म्हणजे आठशे वर्षांची अलीकडची वंशावळ बरोबर आणि तिच्यामागची आयरिश शेपटी लावलेली. आणि साधे मॅकडोनाल्ड? त्यांच्यातल्या बहुतेकांत ती खूण नाही. पुन्हा कूळ आणि कुळातला.

"आडनावाचं ढालचिन्ह, आडनावाचा टार्टन."

ढालचिन्ह आडनावाचं नसतं, माणसाचं असतं. स्कॉटलंडात १६७२ पासून त्यांची सरकारी नोंदवही आहे. ती एडिंबराच्या लॉर्ड लायनच्या कचेरीत असते, आणि ही कचेरी चक्क न्यायालय आहे. दुसऱ्याचं ढालचिन्ह आपलं म्हणून मिरवणं तिथे गुन्हा ठरतो. साध्या माणसाला पट्टा-बक्कल असलेला बिल्ला लावता येतो, आणि तो 'मी अमक्या प्रमुखाचा माणूस' एवढंच सांगतो. आयर्लंडात जुन्या घराण्याचं चिन्ह भिंतीवर टांगलं तर कोणी अडवत नाही. पण तिथलं सरकारही एकदा चांगलंच फसलं. १९४४ पासून जुन्या गेलिक घराण्यांच्या प्रमुखांना सौजन्य म्हणून मान्यता देण्याची पद्धत होती. बेलफास्टच्या एका गृहस्थाने बनावट वंशावळीच्या जोरावर १९९२ मध्ये मॅकार्थींचं प्रमुखपद मिळवलं आणि मानाच्या पदव्या वाटल्या. १९९९ मध्ये पितळ उघडं पडलं, मान्यता रद्द झाली आणि २००३ मध्ये ही पद्धतच बंद केली गेली.

टार्टनचं कापड जुनं आहे, आडनावाशी त्याची लग्नगाठ नवी. स्टुअर्ट घराण्याला परत गादीवर बसवायला झालेल्या जेकबाइट बंडानंतर १७४६ च्या कायद्याने डोंगराळ पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. मग बॅनकबर्नच्या विल्सन या विणकर पेढीने नमुने विकायला काढले. त्यांतल्या काहींना आधी नुसते आकडे होते. १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला, वॉल्टर स्कॉटने सोहळा रचला, आणि आपला टार्टन कोणता हे शोधायला सरदारांची धावपळ उडाली. १८४२ मध्ये दोघा भावांनी 'जुन्या हस्तलिखितावरून' टार्टनांचं देखणं पुस्तक काढलं. ते भाऊ स्वतःला त्या बंडाचा पुढारी राजपुत्र चार्ल्स एडवर्ड याचे नातू म्हणवत. हस्तलिखित बनावट, नातंही बनावट. त्यांतले कितीतरी नमुने मात्र आजही दुकानांत कुळांच्या नावाने विकले जातात.

क्लाइव्ह आणि कर्झन यांच्याबद्दल एवढंच: दोघांनाही आयर्लंडच्या उमरावयादीतली पदवी होती, दोघेही इंग्रज. कर्झनला १८९८ मध्ये ती मुद्दाम दिली, कारण आयरिश पदवीवाल्याला पुढे हाउस ऑफ कॉमन्सची निवडणूक लढवता येत असे.

"आपल्याकडे काहीच नाही."

हे वाचून खरा राग आला. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या उघडून बघा, किंवा कोल्हापूर-सांगलीकडे वंशावळी सांगत फिरणाऱ्या हेळव्यांना विचारा. शेतकऱ्यांच्या घरांतल्या पिढ्या तिथे मिळतील. तिकडे साध्या आयरिश शेतकऱ्याचा माग १८०० च्या मागे क्वचितच लागतो. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये लागलेल्या आगीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बहुतेक जनगणना जळाल्या, आणि उत्तरार्धातल्या सरकारनेच त्याआधी नष्ट केल्या होत्या. आगीआधीच्या जनगणनांपैकी पूर्ण हाती आहेत त्या १९०१ आणि १९११ च्या. त्या मात्र घरबसल्या फुकट बघता येतात.

राहता राहिला चौरस फूट. अशा शोभेच्या तुकड्यांची नोंद स्कॉटलंडच्या जमीन दप्तरात होत नाही, तसा कायदाच आहे. पैसे भरल्यावर येतं ते छापील प्रमाणपत्र. त्याने कोणी लॉर्ड होत नाही, आणि सातबाराही निघत नाही.