पडलेली गाडी आणि आपटलेली गाडी

रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर आमच्या ठरलेल्या जागी बारक्या मोबाईल नाचवतच आला. विकायला आलेली एक जुनी बाईक, निळी यामाहा आर१५ व्ही३, २०१८ चं मॉडेल, मीटरवर ९ हजार किलोमीटर, बेळगाव पासिंग, मागणी ८५ हजार. "उद्या टोकन देतोय," म्हणाला. मग काय, दीड तास कुणी जागचं हललं नाही.

तात्यांनी पहिलाच कौल दिला. "नऊ हजार म्हणजे कोरीच की. घेऊन टाक." तात्यांनी आयुष्यात चार जुन्या गाड्या घेतल्या, चारही मीटर बघून.

उद्यमनगरात गॅरेज असलेला आमचा मिस्त्री काही न बोलता फोटो मोठा करत होता. "तात्या, मीटर बदलायला अर्धा तास लागतोय. बारक्या, ह्यो मागचा टायर बघ. कडेला काय लिवलंय?"

३१२२. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे टायर २०२२ चा.

"मग काय झालं?" तात्या चिडले. "पंक्चरचा वैताग आला असंल, बदलला."

"असंल की. पण मग चेन सेटपण नवा निघाला तर? ब्रेकच्या डिस्कवर बोट फिरवलं आणि कडेला धार लागली तर? गिअर लिव्हरचं रबर गुळगुळीत असलं तर? चार गोष्टी एकच सांगाय लागल्या की मीटर खोटं. आणि गाडी पस्तीस हजार पळालेली असली तरी माझी तक्रार न्हाई. वेळेवर ऑइल बदललेली पस्तीस हजाराची गाडी मी डोळे झाकून घेईन. पण खोटं बोलणाऱ्याकडनं घेणार न्हाई."

यावर तात्या थोडे नरमले, पण लगेच दुसरा मुद्दा काढला: एक वेळ जास्त पळालेली चालेल, पडलेली गाडी घ्यायचीच नाही. आणि खरा वाद इथं पेटला, कारण मिस्त्रीला हेही मान्य नव्हतं.

"स्पोर्ट बाईक आणि पडली न्हाई? मर्दा, स्टँडवरनं कलंडली तरी फेअरिंगला, म्हंजे बाहेरच्या प्लास्टिकला, ओरखडा येतोय. पडलेली वेगळी, आपटलेली वेगळी."

त्यानं हातवारे करून समजावलं ते मला फार मोलाचं वाटलं. गाडी आडवी घसरली की एकाच बाजूच्या खुणा मिळतात: हँडलच्या टोकाचं वजन, ब्रेक किंवा क्लच लिव्हरचं टोक, फूटरेस्ट, सायलेन्सरची कड. हे सगळं सुटं मिळतं, बदलता येतं. समोरून ठोकली असेल तर मात्र मार चेसीच्या मानेत, म्हणजे सांगाड्याला हँडल जिथं जोडलेलं असतं तिथं, जातो. त्यासाठी टॉर्च घेऊन फेअरिंगच्या आत बघायचं. हँडल पूर्ण वळलं की जिथं अडतं, त्या स्टॉपरला चेप आहे का? मानेजवळच्या वेल्डिंगवर नवा रंग आहे का? पुढचं चाक आणि रेडिएटर यातलं अंतर कमी वाटतंय का? हँडल डावीकडं आणि उजवीकडं पूर्ण वळवल्यावर टाकीपासूनची फट सारखी आहे का? दोघांनी मिळून पुढचं चाक उचलायचं आणि हँडल हळू फिरवायचं. मधोमध खटका लागला तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला.

"आणि सगळी फेअरिंग कोरी चकचकीत असली तर मला जास्त भ्या वाटतं," मिस्त्री म्हणाला. "जुन्या गाडीला जुने ओरखडे असावेत."

इथं मला बोलावंच लागलं. सहा वर्षांपूर्वी मी एका एजंटाकडून अशीच चकाचक गाडी घेतली होती. गावात छान चालायची. गगनबावड्याच्या रस्त्यावर ऐंशीच्या पुढं गेलो आणि हँडल थरथरायला लागलं, असं की दोन्ही हातांनी आवरेना. मागं बायको बसली होती. गाडी कशीबशी बाजूला घेतली. नंतर कळलं, चेसीची मान सरळ करून वर रंग मारलेला. तो थरथराट अजून हातात आहे. म्हणून बारक्याला सांगितलं, चालवून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. मोकळ्या रस्त्यावर चाळीस-पन्नासला हँडलची पकड जरा सैल कर, सोडू मात्र नकोस, आणि बघ एका बाजूला ओढतेय का. आणि इंजिन ७,४०० आरपीएमच्या वर ने, मीटरवर व्हीव्हीए (जास्त वेगाला इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी यंत्रणा) उमटलं पाहिजे.

"दोन हजार अठराची व्ही३ म्हणजे एबीएस न्हाई," मिस्त्री मध्येच म्हणाला. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय. ते २०१९ पासून आलं. बारक्याचा चेहरा पडला. रोज पावसात गारगोटीला जाणाऱ्या माणसासाठी हा मुद्दा माझ्या मते किंमतीपेक्षा मोठा आहे.

वकील इतका वेळ शेंगदाणे खात होता. त्याला एकच चिंता, बेळगाव पासिंग. तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला, मग इथं नवं रजिस्ट्रेशन आणि रोड टॅक्स पुन्हा भरायचा. "स्वस्त दिसतेय ती त्यामुळं. कर्ज असंल तर बँकेचा दाखला आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात घे. इंजिन नंबर, चेसी नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघ. आणि नुसत्या फॉर्मवर सह्या घेऊन फिरू नको." २०१८ सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, की गाडी विकली तरी आरटीओत नाव ज्याचं, अपघाताची भरपाई त्याच्याच माथी. त्यामुळं शहाणा विकणारापण लवकर नाव बदलून मागतो. जो टाळाटाळ करतो, तो का करतोय हे विचारायला हवं.

"एवढं बघत बसलं तर गाडी दुसराच घेऊन जाईल," तात्या म्हणाले.

"जाऊ दे की," मिस्त्री म्हणाला. "बारक्या, मी येतो उद्या. पण विकणाऱ्याला आत्ताच फोन लाव. म्हणावं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नको. आल्या आल्या इंजिनाला हात लावणार हाय मी. गरम लागलं की इंजिन थंड असताना स्टार्ट होत न्हाई असं समजायचं."

बारक्यानं तिथंच फोन लावला. पलीकडनं जरा वेळ आवाज आला नाही. मग तो माणूस म्हणाला, सकाळी नको, दुपारी या.

मिस्त्री उठला आणि चहाचे पैसे द्यायला गेला.